अखजीचा डोंगर

पेपरात वर्षभर आमच्या अकोल्याचं नाव कुणी घेत नाही. मे महिना लागला की मात्र आम्ही पहिल्या पानावर. पारा कुठवर चढला, आज राज्यात पहिले आपण की दुसरं कुणी, यावर पानठेल्यावर गंभीर चर्चा होते आणि पहिला नंबर हुकला तर लोक खरोखर खट्टू होतात. मी विज्ञानाचा मास्तर. तापमान हा काही आपला पराक्रम नव्हे, असं एकदा सांगून पाहिलं. पानठेलेवाल्यानं ‘हा अमरावतीचा दिसतो’ अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मी आहेच अमरावतीचा, तेव्हा गप्प बसलो.

रस्त्याच्या कडेला माठ मांडून बाया बसल्या, कूलरच्या जुन्या ताट्या निघून नव्या बसल्या आणि त्यांचा ओल्या गवताचा वास घरभर झाला की मला तो डोंगर आठवतो. तसा तो आठवण ठेवावी असा डोंगर नाही. वर किल्ला नाही, त्याला धड नाव नाही, कुणी फोटो काढायला जावं अशी जागा नाही. पातूरच्या पलीकडे डोंगरांची जी बुटकी ओळ लागते, तिच्यातला तो एक. पावसाळ्यात फार देखणा दिसतो म्हणे. मी त्याला पावसाळ्यात कधी पाहिलेलं नाही.

वऱ्हाडात मे महिना लग्नांचा. लग्न न झालेल्या मास्तरासाठी तो तोंड लपवण्याचा महिना. माझी आई अमरावतीला दादा-वहिनींकडे असते. सुट्टी लागली की मी तिकडे जायचं, ही रीत; आणि गेलं की प्रत्येक मांडवात कुणीतरी मावशी माझ्याकडे बघत दुसऱ्या मावशीच्या कानाला लागणार, हीही रीतच. त्या वर्षी मी जरा उशिरा येतो असं कळवलं आणि एकट्यानं डोंगर चढायचं ठरवलं. कारण विचाराल तर सांगता येण्यासारखं काही नव्हतं. कुणाचा राग आला नव्हता, कसलं दुःख नव्हतं. काही तास आपण कुणाचे कुणी नसावं, एवढंच मला वाटत होतं.

हे वाटणं आमच्याकडे कुणाला समजावून सांगणं कठीण. एकटा माणूस दिसला की वऱ्हाडी माणसाला वाटतं याचं काहीतरी बिनसलं. घरमालकीणकाकूंनी मी कुठे निघालो ते विचारलं, ऐकून घेतलं, आत गेल्या आणि ऊन बाधू नये म्हणून एक कांदा आणून माझ्या खिशात घातला. सोबत कोण आहे, असंही विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर त्या पुन्हा आत गेल्या आणि आणखी एक कांदा घेऊन आल्या. बसमध्ये कंडक्टरनं एकच तिकीट दोनदा विचारून खात्री करून घेतली. पातूरहून पुढे काळीपिवळीत दाटीवाटीनं बसलेल्या लोकांनी तर माझ्या एकटेपणाची इतकी आस्थेनं चौकशी केली की मी उतरेपर्यंत तो संपूनच गेला होता.

त्या दिवशी अक्षय तृतीया होती, हे मला त्या गाडीतच कळलं. आमच्याकडे तिला अखजी म्हणतात. मातीची नवी घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पूजायची. तोवर कित्येक घरांत आंबा तोंडात घालत नाहीत, नव्या माठाचं पाणी पीत नाहीत. मग गेलेल्याच्या जागी कुणाला तरी पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. त्या जेवणाऱ्याला म्हणायचं पित्तर. आमच्या वडिलांची घागर दादा भरतो आणि वडिलांच्या नावानं शेजारचे एक काकाजी जेवतात. दरवर्षी न चुकता, दोन्ही हातांनी बाह्या सावरून जेवतात. वडील स्वतः इतके कधीच जेवले नाहीत. लहानपणापासून हे पाहिल्यामुळे मला त्यात कधी नवल वाटलं नव्हतं. माणूस गेला तरी त्याची भूक मागे राहते, असं आमच्याकडे मानत असावेत.

गाव मागे पडलं की आधी वावरं. नांगरून टाकलेली काळी ढेकळं आभाळाकडे तोंड करून पडलेली. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाताना एका भेगेत मी हातातली काठी घालून पाहिली. काठी संपली, भेग संपली नाही. मग एक कोरडा नाला, नाल्यातून गुरांची वाट, आणि ती वाट वर वळते तिथून सागाचं रान. मे महिन्यातला साग म्हणजे नुसते खांब. पानं सगळी खाली. सुपाएवढाली आणि वाळून पापड झालेली. त्यांच्यावर पाय पडला की असा आवाज होतो की साऱ्या रानाला कळतं, मास्तर आले. एकांत शोधायला निघालेल्या माणसाच्या नावानं इतकी दवंडी दुसरीकडे कुठे पिटली जात नसेल. मी थांबलो की आवाज थांबायचा, आणि मग इतकं शांत व्हायचं की मीच पुन्हा चालू लागायचो.

सालईच्या खोडाची साल कागदासारखी सुटली होती. ती चोळली की बोटांना धुपाचा वास यायचा. एका झाडावर वानरं बसली होती. ती उन्हानं इतकी कंटाळली होती की मला पाहून हललीसुद्धा नाहीत. एका पिल्लानं जांभई दिली. बहावा तेवढा एकटा फुलला होता. सगळं रान उपाशी बसलेलं असताना त्याच्या अंगावर पिवळ्या झुंबरांचा थाट. मला तो थोडा आगाऊच वाटला. दगड तापले होते. चढ संपता संपता हात टेकावा लागायचा आणि टेकलेला हात झटकन उचलावा लागायचा.

माथ्यावर शेंदूर फासलेला एक दगड, एक फाटका झेंडा आणि वारा. चुलीचं तोंड आपल्याकडे करून ठेवल्यासारखा वारा. खाली सगळा मुलूख धुरकट, मातकट, कडा नसलेला. उंचावर गेलं की मोठे विचार येतात, असा माझा समज होता. मला नववी ‘ब’च्या वर्गातला बिघडलेला पंखा आठवला. मग कपडे दोरीवरच राहिल्याचं आठवलं. मग काहीच आठवलं नाही. ते ‘काहीच नाही’ मला फार आवडलं. या घटकेला आपण कुठे आहोत हे जगात कुणालाही माहीत नाही, या गोष्टीनं मला झालेला आनंद मी आजही नाकारणार नाही. डोंगरावर त्यापलीकडे काहीही घडलं नाही. लोक डोंगरावरून काहीतरी घेऊन उतरतात असं वाचलं होतं. मी दोन कांदे घेऊन गेलो होतो आणि तेच घेऊन उतरलो.

पाणी मात्र उतरताना संपलं. ऊन डोक्यावर आलेलं, जीभ टाळूला चिकटलेली, आणि पायाखाली पानांचा तो गदारोळ. गावाच्या डोंगराकडच्या टोकाला, निंबाखाली एक घर दिसलं. अंगणात सडा टाकलेला होता, आतून पुरणाचा वास येत होता. मी फाटकाशी थांबून पाणी मागितलं.

अंगणात साठीचा एक माणूस होता. हातातला फोन पुन्हा पुन्हा कानाला लावून खाली घेत होता. ते नामदेवराव. उंबऱ्यात त्यांची बायको उभी होती, रुखमाबाई. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी ज्या वाटेनं उतरलो होतो त्या वाटेकडे बघत होती. नामदेवरावांनी तांब्या दिला, माझं पिणं होईपर्यंत थांबले, आडनाव आणि गाव विचारलं आणि मग म्हणाले,

“जेवाले बसता काय? पण पयले आयकून घ्या. पित्तर म्हणून बसा लागते. आमचा पोरगा वारला मांगच्या साली. मंगेश नाव होतं. त्याचा मामा येतो म्हने, नाई आला. तरन्या पोराचं पित्तर म्हणून गावात कोणी बसून नाई राह्यलं. तुमाले नसन पटत त आनखी पाणी प्या आन जा. राग नाई.”

मंगेश पिकअप गाडी चालवायचा. पावसाळ्यात महामार्गावर गाडी उलटली आणि तो जागेवर गेला. माझ्याच वयाचा. म्हाताऱ्याच्या नावानं जेवायला लोक हसत येतात. तरुण गेलेल्याच्या पाटावर बसायला कुणी धजत नाही. त्याचं राहून गेलेलं सगळं आपल्याला चिकटेल अशी भीती असते. आणि पित्तर जेवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. रुखमाबाई सकाळपासून पाण्यावाचून होती. पहिल्याच अखजीला पाटावर कुणी बसलं नाही तर आपला पोरगा उपाशी दारात उभा राहील, असं तिला वाटत होतं. याला समज म्हणणं आज मला सोपं जातं. तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून तो शब्द उच्चारता आला नसता.

पुढे केव्हातरी नामदेवरावांनी मला सांगितलं की तिनं नैवेद्य दाखवून डोंगराकडे तोंड करून हाक मारली होती आणि त्याच वेळी रानात पानं वाजायला लागली होती. मे महिन्याच्या दुपारी त्या डोंगरावरून कुणीच उतरत नाही. ती उंबऱ्यात का उभी होती हे मला त्या दिवशी कळलं नाही, ते बरंच झालं. कळलं असतं तर मी बसलो नसतो.

मी बसलो. नामदेवरावांनी माझ्या पायांवर पाणी घातलं. वयानं वडिलांएवढा माणूस पाय धुतोय म्हणून मी पाय ओढून घेतले, तर ते म्हणाले की ते तुमचे पाय नाहीत. कपाळाला गंध लावलं. पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर पुरणाची पोळी, तुपाची वाटी, कढी, भजी, वडे, कुरडया, आंब्याचा रस, चिंचवणी. आणि एका कोपऱ्यात वाटीभर दूध.

“पोई दुधात कुचकरून खा,” रुखमाबाई म्हणाली. “तो तसाच खाये.”

मला दुधात कुस्करलेली पोळी आवडत नाही. मी खाल्ली. तिनं वाटी रिकामी होईपर्यंत नजर हलवली नाही. मला काही झालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. अंगात कुणी आलं नाही, डोळे भरले नाहीत. मला कडकडून भूक लागली होती आणि स्वयंपाक उत्तम होता. पण एक गोष्ट विचित्र होती. सकाळपासून मला कुणाचा कुणी असायचं नव्हतं, आणि इथे मी पाटावर बसून कुणाचा तरी अगदी सख्खा झालो होतो, तेही आडनाव-गावापलीकडे माझं म्हणून काहीही न विचारता. माथ्यावरच्या दगडाशेजारी वाटलं होतं त्याहून जास्त मोकळं मला त्या पाटावर वाटलं. का ते मी अजून शोधतो आहे. नाही सापडलं तरी चालेल.

मी हात धुतले तेव्हा रुखमाबाईनं नव्या माठातलं पाणी घेतलं आणि तांब्याला तोंड लावून एका दमात प्यायली. मग तिथेच भिंतीला टेकून बसली.

संध्याकाळी अकोल्यात आलो. घरमालकीणकाकूंनी डोंगर कसा होता असं विचारलं. चांगला होता म्हणालो.

पुढच्या वर्षी एप्रिलअखेरीस फोन आला. नामदेवरावांचा; निघताना त्यांनी माझा नंबर ‘मास्तर’ म्हणून घेऊन ठेवला होता. त्यांनी पित्तर हा शब्द काढला नाही. “अखजी आली, मास्तर. डोंगर चढाले येता ना?” एवढंच. मी गेलो. पहाटे निघायचं, डोंगर चढायचा, माथ्यावर थोडं बसायचं आणि उन्हात पानं वाजवत उतरायचं. खाली पाट मांडलेला असायचा. मग ते ठरूनच गेलं. अमरावतीला मी उशिरा का येतो हे घरी कुणाला नीट सांगितलं नाही. दादाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, स्वतःच्या बापाची घागर सोडून तू दुसऱ्याच्या घरी जेवतोस. त्यात खोटं काही नव्हतं, पण मला वाद घालायचा नव्हता.

डोंगर दर वर्षी तोच असायचा. बहावा तोच, तसाच आगाऊ. माझा दम मात्र आधी लागायला लागला. माथ्यावर बसल्यावर हळूहळू लक्षात आलं की मी आता तिथे फार वेळ बसत नाही. खाली वाट पाहणारं कुणी असलं की एकट्यानं चढलेला डोंगरही तितका एकट्याचा राहत नाही. मला त्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

रुखमाबाई माझ्याशी फारसं बोलायची नाही. बापा म्हणायची, आमच्याकडे बाया सगळ्यांनाच बापा म्हणतात. घे बापा, खा बापा. पण तिचं लक्ष चोख. मी आधी भजी संपवतो, रस बेतानंच घेतो, कढी मात्र दोनदा मागतो, हे तिनं पाहून ठेवलं. दुसऱ्या वर्षी कढीची वाटी मोठी झाली. तिसऱ्या वर्षी सगळीच भजी मेथीची आली, कारण आदल्या वर्षी मी मेथीची म्हणून चारदा घेतली होती. त्या वर्षी पत्रावळीच्या कोपऱ्यात दूध नव्हतं. मला ते दिसलं. सुटलो, असंही मनात आलं. तुपाशी पोळी खाताना मला खरोखर घरी असल्यासारखं वाटत होतं, आणि नामदेवराव शेतातल्या तुरीबद्दल माझ्याशी असं बोलत होते की कुणी नवखा आला असता तर त्यानं मला घरचाच धरलं असतं.

मागच्या अखजीला मी हात धुऊन उठलो. रुखमाबाई पत्रावळ उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग पत्रावळ तशीच ठेवून माझ्यासमोर बसली.

“तू भजे पयले खातं,” ती म्हणाली. “कढी तुले दोनदा लागते. रस तुले नाई आवडत, पण नाई म्हनत नाई तू. हे मले सगळं पाठ झालं बापा. आन त्याचं याद करा लागते आता. काल मी पोरीले सासरी फोन करून इचारलं, मंगेशले काय आवडे. मायनं इचारा लागते काय हे?”

नामदेवराव काहीतरी म्हणायला गेले, तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“डोये मिटून पाटावर त्याले पाहाले जातो त तूच दिसतं. तुयं काई चुकलं नाई. लय चांगला जेवतं तू. पण पुढच्या साली अखजीले नको येऊ. दुसऱ्या दिवशी ये. शिया पोया राह्यते.”

मी बरं म्हणालो. फाटकाशी नामदेवराव मला सोडायला आले. तिच्या बोलण्याचा राग धरू नका म्हणाले. राग नव्हता. मला लागलं होतं, आणि इतकं लागलं होतं की काळीपिवळीत मी कुणाच्याही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. कुणाचा कुणी नसावं म्हणून घरून निघालेल्या माणसाला, कुणाचा तरी असणं हातातून गेलं म्हणून इतकं लागावं, हे मला त्या गाडीत बसून विनोदी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घराघरांतल्या त्या काकाजींचं कसं होत असेल, असं मात्र मनात आलं. आमच्या वडिलांना काय आवडायचं हे मी आठवून पाहिलं. काकाजी वडे मागून घेतात, तेवढं स्पष्ट आठवलं.

यंदा अखजीला मी अमरावतीला होतो. दादानं घागर भरली, काकाजी आले, बाह्या सावरून बसले. त्यांना वाढताना मी आईला हळूच विचारलं, बाबांना यातलं काय आवडायचं. आई बराच वेळ पातेल्यात बघत राहिली. “कुरडई,” ती म्हणाली, “पण न तळलेली. शिजताना चीक असतो ना, तो.” मग ती चीक या विषयावर पुष्कळ बोलली. काकाजी जेवत होते.

त्याच संध्याकाळी मी अकोल्याला परतलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पातूरची बस धरली. डोंगर चढलो, माथ्यावर बसलो. उतरलो तेव्हा अंगणात कुणी वाट बघत नव्हतं. मी फाटक वाजवलं. रुखमाबाई बाहेर आली, पाणी दिलं, आत बोलावलं. या वेळी पाट नव्हता, चटई होती. पाय माझे मीच धुतले. नामदेवराव वावरात गेले होते.

काल कुणाला बसवलं, ते विचारावं की नाही मला समजेना. तिनंच सांगितलं. कुणालाच नाही. पाट मांडला, पत्रावळ वाढली, दुधात पोळी कुस्करून वाटी ठेवली आणि दोघं समोर बसून राहिली. गावातले लोक नावं ठेवतील म्हणून नामदेवराव जरा कुरकुरले होते.

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय. दूध थंड झालं, त्याच्यावर साय आली.” तिनं दोन बोटं वाटीवरून फिरवल्यासारखी हवेत फिरवली. “त्याले साय चालेच नाई. अशी बोटानं काढे आन माया तोंडात घाले. इतला मोठा झाला, गाडी चालवाले लागला, तरी माया तोंडात घाले. हे मी पार भुलली होती. पोरीलेबी मालूम नाई हे.”

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. निंबावर होला घुमत होता. ती उठली, आत गेली आणि ताट घेऊन आली: कालच्या पोळ्या, कढी आणि आज ताजी तळलेली मेथीची भजी. ताट माझ्यासमोर ठेवून ती तशीच उभी राहिली. काहीतरी विचारायचं होतं आणि इतक्या वर्षांनी विचारायला ती संकोचत होती.

“नाव काय रे तुयं?”

“दिनेश.”

“दिनेश,” ती म्हणाली, “जेव.”